मुलीचं तत्त्वज्ञान आणि बाबांचा पीपीएफ

चिंचवडच्या एका वडिलांचा प्रश्न: मुलीला बारावी सायन्सला ८४ टक्के आहेत, पण तिला तत्त्वज्ञानात बीए करायचंय. खासगी विद्यापीठाने चार वर्षांचे १४ लाख सांगितलेत. मुदत पूर्ण झालेल्या पीपीएफमध्ये ९ लाख, एफडीत ५ लाख. वडील ५३ वर्षांचे, पेन्शन नावापुरती. पीपीएफ काढावा की कर्ज घ्यावं?

नमस्कार. तुम्ही वहीच्या पानावर मांडलेल्या हिशोबाच्या समासात मुलीच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘हॉस्टेल नको, लोकलने जाईन.’ माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. तिला तत्त्वज्ञान जरूर शिकू द्या, पण १४ लाख देऊन नको.

शिवाजीनगरला उतरलं की पुण्यातली जुनी अनुदानित कॉलेजं जवळ आहेत. तिथली कला शाखेची फी हजारांत असते, लाखांत नाही. या विषयात पहिल्या पदवीवर कमाई सहसा ठरत नाही. ठरते ती पुढच्या पायरीवर. एमए करून नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) दिली आणि जेआरएफ (पीएचडीसाठीची संशोधनवृत्ती) मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. तीन वर्षांच्या एलएलबीला कोणतीही पदवी चालते. यूपीएससीत तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय आहे, ५०० गुणांचा. प्राध्यापकीवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताना मी पाहतो, आणि ते पाहून फार वाईट वाटतं.

म्हणूनच कर्जाला माझा विरोध आहे. १० लाख, १० टक्के, १० वर्षं: हप्ता १३,२१५ रुपये, आणि शिकताना चढलेलं व्याज वेगळं. शैक्षणिक कर्जावरची प्राप्तिकर सवलत फक्त व्याजावर, तीही जुन्या करपद्धतीतच. एवढा हप्ता मानेवर असला की मुलगी एमए सोडून मिळेल ती नोकरी धरेल.

पीपीएफला हात लावू नका. खातं पुढे चालू ठेवा, आजच्या ७.१ टक्के दराने ९ लाखांचे पाच वर्षांत साधारण १२ लाख ६८ हजार होतात, आणि ते तुमच्या म्हातारपणाचे. एफडी तिच्या नावाने मनात बाजूला ठेवा: एमए, एलएलबी किंवा परगावी शिकायची वेळ आली तर.

एक काम मात्र प्रवेशाआधी कराच. तिला घेऊन कॉलेजात जा आणि विभागात विचारा: तत्त्वज्ञान मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत चालतं का? मागच्या वर्षी शेवटच्या वर्गात किती जण होते? पहिल्या वर्षी हा विषय अनेक जण घेतात. पुढे मुलं कमी पडली की मेजर चालवणं कॉलेजला जड जातं आणि विद्यार्थ्याला विषय बदलावा लागतो. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं कॉलेज बघा. लोकलचा पास तोच चालेल.