बडोद्यात पहिल्यांदा सॅमन करणार असशील तर

हे बघ, फ्रोजन घ्यायला अजिबात कचरू नकोस, बडोद्याला समुद्राची मासळी येते तीही बर्फातूनच आणि नॉर्वेचा सॅमन नीट गोठवलेला असेल तर मस्त लागतो. लोक त्याच्या एवढे मागे का लागतात, तर थंड पाण्यात शरीर कडक पडू नये म्हणून या माशांत ओमेगा-३ सारखी थंडीतही पातळ राहणारी चरबी भरपूर असते, सॅमनमध्ये ती थेट मांसातच, म्हणून तो इतका मऊ आणि रसाळ. कॉडचं तसं नाही हां, त्याची चरबी लिव्हरमध्ये, म्हणून तर कॉड लिव्हर ऑइल, मांस मात्र पांढरं, हलकं.

पाकिटात बर्फाचे मोठे खडे दिसले तर परत ठेव, मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठला असणार. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सुटू दे, गरम पाण्यात टाकू नकोस. आणि प्लीज, सुरमईसारखा रवा-तिखट लावून कडक तळू नकोस! मीठ, हळद, लिंबू बास, कातडी खाली ठेवून मध्यम आचेवर, काट्याने दाबल्यावर पाकळ्या सुटल्या की लगेच गॅस बंद, पांढरा चीक खूप बाहेर आला म्हणजे जास्त शिजला. कच्चा मात्र खाऊ नकोस, सुशीसाठीचा वेगळा गोठवतात.