‘बघूया की’ म्हणजे नाही

प्रिय मित्रा,

तुझं दूध संस्थांचं ॲप रविवारी निवांत बघितलं. काम सुबक आहे, वाद नाही. पण सोबतच्या कागदावर ‘४० संस्थांपैकी ३६ तयार’ असं लिहिलंयस, तिथं अडखळलो. तयार म्हणजे नेमकं काय म्हणाले? ‘चांगलं केलंयस, बघूया की’, असंच ना? अरे, कोल्हापुरात दारात आलेल्या पोराला तोंडावर नाही कोण म्हणतंय? चहा पाजतात आणि ‘बघूया की’ म्हणतात. तो नकार असतो.

मीही असाच फसलोय. शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानासाठी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचे हिशेब, काढायचं सॉफ्टवेअर केलं होतं. मालक खूश, पैसेही वेळेवर. दोन महिन्यांनी सहज डोकावलो, तर दिवाणजी सौद्यात गुळाचे रवे (ढेपा), वजन, दर सगळं कागदावर टिपत होता आणि रात्री दुकानात बसून तेच कॉम्प्युटरमध्ये भरत होता. त्याचं काम मी दुप्पट करून ठेवलं होतं! विचारलं मालकाला, वापरायचं होतं दिवाणजीनं. (मालकासमोर विचारलं असतं तरी तो गप्पच बसला असता म्हणा.)

म्हणून तुझं ॲप बघितल्यावर गुरुवारी पहाटे गावच्या संस्थेत जाऊन उभा राहिलो. एका मावशींनी म्हशीचं दूध घातलं. “फॅट किती लागली?” “सहा-दोन.” “काल सहा-आठ होती की!” सचिवानं अंगठ्याला थुंकी लावून रजिस्टरचं मागचं पान उलटलं. तासाभरात आणखी चौघांनी कालचाच आकडा विचारला, आणि दर वेळी रांग थांबली. तुझ्या ॲपमध्ये महिन्याचा रंगीत आलेख आहे, पण आजच्या फॅटशेजारी कालची फॅट नाही.

शिवाय मावशींकडे बटणांचा फोन. स्मार्टफोन पोराकडे, आणि पोरगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टला. त्याला रोजच्या फॅटशी देणंघेणं नाही. दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याचे किती कापले आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, किती फिटायची उरली, एवढंच त्याला बघायचंय. एका घरात दोन गिऱ्हाइकं आहेत तुझी.

म्हणजे मागतील ते सगळं दे, असं नाही. आलेख चेअरमननी मागितला असणार, पैज लावतो. इन्स्टाग्रामचंच बघ. ते काढणाऱ्या दोघांचं त्याच्या आधी बर्बन नावाचं ॲप होतं. कुठं आहोत ते कळवा, पुढचे बेत आखा, गुण मिळवा, असं बरंच काही त्यात होतं. लोक मात्र फोटो टाकण्यापुरतंच त्यात रमत होते. कुणी अर्ज केला नव्हता की बाकीचं काढा म्हणून; त्यांनीच ते ओळखलं, फोटो, लाईक आणि कमेंट एवढंच ठेवलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये नवं ॲप बाजारात आणलं. कापायला छाती लागते, कारण जे कापायचं त्यावर आपल्याच रात्री गेलेल्या असतात.

आता असं कर. सोमवारी सहाला एखाद्या संस्थेत जा. फोन खिशात ठेव, कॅन उचलू लाग. ‘हे वापराल का?’ असं विचारूच नकोस. मागचं बिल काढताना कुठं अडलं, ते विचार. मग महिन्याला २०० रुपये सांगून बघ. तिथं ‘बघूया की’ आलं, तर ३६ मधून एक खोडून टाक.

आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर सचिव स्वतःच्या हातानं काय लिहून ठेवतो, त्याचा फोटो त्याला विचारून मला पाठव. आमच्या गावात तिथं पेन्सिलीनं उचलीचा हिशेब होता.

तुझा,
काका