नलला डिफॉल्ट देताना सुरुवातीला एवढंच बघ

अरे, कोडमध्ये नल (null, म्हणजे 'इथे व्हॅल्यू नाही') दिसला की लगेच डिफॉल्ट (व्हॅल्यू नसेल तर वापरायची ठरलेली व्हॅल्यू) चिकटवू नकोस, आधी बघ ती व्हॅल्यू नसणं नॉर्मल आहे का कुठेतरी बग आहे, कारण बग असेल तर तो नुसता झाकला जातो आणि नंतर भलतीकडेच डोकं वर काढतो.

जावास्क्रिप्टमध्ये नवीन लोक हमखास फसतात ते || मध्ये, म्हणजे डावीकडची व्हॅल्यू 'खोटी' धरली गेली की उजवीकडची देणाऱ्या चिन्हात. युजरने डिस्काउंट 0 टाकला आणि तू डिस्काउंट || 10 लिहिलंस की झालं, 10 लागणार! 0, रिकामी स्ट्रिंग (''), फॉल्स (false), || ला सगळं सारखंच खोटं. तिथे ?? वापर, तो फक्त नल आणि अनडिफाइन्डला (undefined, म्हणजे व्हॅल्यू दिलेलीच नाही) डिफॉल्ट देतो.

फंक्शनच्या पॅरामीटरचा डिफॉल्ट मात्र नल पाठवलास तर लागत नाही, फक्त अनडिफाइन्डला लागतो.

ऑप्शनल चेनिंग (?. हे चिन्ह) वगैरे नंतर. आत्ता 0, '' आणि नल तिन्ही || आणि ?? दोन्हीला देऊन आउटपुट बघ, जमेल तुला.