बीएससीला मुंबई विद्यापीठाचं कॉलेज घ्यावं की बीसीएला खाजगी विद्यापीठ?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. कळव्यात राहतेस, बारावी सायन्सला ६८ टक्के. ठाण्यातल्या एका कॉलेजात बीएससी कॉम्प्युटर सायन्सच्या लिस्टमध्ये नाव लागलंय, वर्षाची फी २८,०००, पदवी मुंबई विद्यापीठाची. दुसरीकडे नवी मुंबईतलं एक खाजगी विद्यापीठ बीसीएला घ्यायला तयार आहे, वर्षाला २,४०,०००. बाबा रबाळ्याच्या कंपनीत, धाकटा भाऊ नववीत. बाबा म्हणतात कर्ज काढू, आई म्हणते घराजवळचं घे. आणि त्या खाजगी विद्यापीठातून फोन आलाय की दोन दिवसांत २५,००० भरले नाहीत तर सीट जाईल.

ते २५,००० अजून भरू नकोस. बाकीचं सावकाश सांगते.

मी ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात १९ वर्षं होते, त्यातली ११ स्कॉलरशिपच्या खिडकीवर. माझी मुलगी अशाच कॉलेजात शिकली, मुलगा खाजगी विद्यापीठात. दोन्हीकडच्या फीच्या पावत्या आमच्या कपाटात आहेत. माझं मत विचारशील तर ठाण्यातलं कॉलेज घे. पण ते 'सरकारी' आहे म्हणून नको घेऊस, कारण मुळात ते सरकारी नाहीच.

इथेच बहुतेक पालकांची गल्लत होते. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, सार्वजनिक, कायद्याने स्थापन झालेलं. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याशी संलग्न आहेत. पण ती कॉलेजं चालवतात संस्था. ठाण्यात चेंदणीला विद्या प्रसारक मंडळ आहे, १९३५ सालचं. वाशीला रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाचं. यातल्या अनुदानित कॉलेजांत मान्य पदांवरच्या शिक्षकांचे पगार शासन देतं, म्हणून साध्या बीए, बीकॉम, बीएससीची फी काही हजारांत भागते. मात्र कॉम्प्युटर सायन्स, आयटी असले कोर्स बहुतेक ठिकाणी त्याच इमारतीत, त्याच प्राचार्यांच्या हाताखाली, पण विनाअनुदानित चालतात. तुझे २८,००० त्यामुळेच आहेत. आणि त्या तुकड्यांवरचे बरेच शिक्षक कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर असतात. हे कुणी माहितीपत्रकात छापत नाही, पण तुला माहीत असायला हवं. खाजगी विद्यापीठाबद्दल तू जो प्रश्न विचारणार आहेस, की शिकवणारी माणसं टिकतात का, तोच प्रश्न ठाण्यातही विचारायचा आहे.

खाजगीतही दोन जाती आहेत. एक अभिमत विद्यापीठ, म्हणजे केंद्राने यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) शिफारशीवरून दर्जा दिलेलं, जसं नेरूळचं डी. वाय. पाटील. दुसरं राज्याच्या कायद्याने झालेलं खाजगी विद्यापीठ, ज्याला स्वयंअर्थसहाय्यित म्हणतात. यूजीसीच्या यादीत नाव असेल तर दोन्हींची पदवी पूर्ण वैध. एमपीएससीला बस, यूपीएससीला बस, बँकेची परीक्षा दे, कुणी अडवणार नाही. खाजगी म्हणजे नवखंच असतं असंही नाही. विद्याविहारचं सोमैया २०१९ साली खाजगी विद्यापीठ झालं, पण त्याचं इंजिनिअरिंग कॉलेज त्याआधी कितीतरी वर्षं मुंबई विद्यापीठाशीच जोडलेलं होतं. तेव्हा 'खाजगी डिग्री चालत नाही' असं कळव्यात कुणी सांगितलं तर ते मनातून काढून टाक.

प्रश्न पैशांचा आहे, आणि तो नीट मांडून बघ. २८,००० च्या हिशेबाने तीन वर्षांचे ८४,०००. २,४०,००० च्या हिशेबाने ७,२०,०००. मधला फरक ६,३६,०००. त्यात नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवी तीन किंवा चार वर्षांची झालीय. ऑनर्ससाठी चौथं वर्ष घेतलंस तर खाजगीकडे एकूण ९,६०,००० होतील, तेही फी वाढली नाही तर. बाबा सात लाखांचं कर्ज काढायचं म्हणतायत. दहा टक्के व्याज आणि सात वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण ११,६०० बसतो. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो हे खरं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं, हे कर्ज मंजूर होताना कुणी ठासून सांगत नाही. बीसीए झालेल्या मुलामुलींना पहिल्या नोकरीत हातात वीस-पंचवीस हजार येताना मी पाहिलेत, ट्रान्स्क्रिप्ट न्यायला आले की आवर्जून सांगायचे. त्यातला निम्मा पगार हप्त्यात गेला तर एमसीएचा विचारही करवणार नाही. आणि तू ज्या वर्षी पदवी घेशील त्याच वर्षी तुझा भाऊ बारावीला असेल.

हे ६,३६,००० खर्च करूच नयेत असं मी म्हणत नाही. त्या पैशांत नक्की काय विकत मिळतंय ते डोळ्यांनी बघून ये, एवढंच.

माझ्या मुलाचं सांगते. विद्यापीठाचं नाव नको. प्रवेशाआधी आम्हाला जी लॅब दाखवली तिथे एक रोबोटिक हात होता, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरही तोच. मुलगा भारावून गेला, खरं सांगायचं तर मीही. तीन वर्षांत त्या हातावरचं प्लास्टिकचं आवरण एकदाही निघालं नाही. चालवणारे सर पहिल्या सत्रानंतर सोडून गेले आणि त्यांच्या जागी आलेल्यांना तो विषय नव्हता. दुसऱ्या वर्षी एका विषयाला तीन शिक्षक बदलले. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे दर आठवड्याला उभं राहून बोलावं लागायचं, बाहेरची माणसं येऊन शिकवायची, निकाल वेळेवर लागायचे. घरात तोंड न उघडणारा मुलगा आज साहेबासमोर न अडखळता मुद्दा मांडतो. ते श्रेय त्या जागेचंच आहे. फक्त तेवढ्यासाठी आम्ही जेवढं मोजलं ते मला आजही जास्त वाटतं.

निकालाचं म्हणशील तर मोठ्या विद्यापीठाची ही खरी दुखरी बाजू आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन पेपर तपासणीत केवढा गोंधळ झाला होता, निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. नॅकची, म्हणजे कॉलेजं-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, ए प्लस प्लस श्रेणी २०२१ मध्ये मिळालेलंही हेच विद्यापीठ. म्हणून तुझं ठाण्याचं कॉलेज स्वायत्त आहे का ते विचार. स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हातात राहतात, निकाल लवकर लागतो, आणि पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचंच असतं. तुला दोन्हीकडचं चांगलं मिळेल अशी ही जागा आहे.

आता माझ्या खिडकीवरचं. तू ओबीसी आहेस आणि बाबांचं वर्षाचं उत्पन्न पाचेक लाख लिहिलंयस. २०२४-२५ पासून शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. पण त्यात अटी आहेत: प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला लागू नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. म्हणजे नवी मुंबईच्या त्या २,४०,००० वर यातला एक रुपया मिळणार नाही.

आणि तू शेवटी जाता जाता लिहिलंयस की बीसीएची सीईटी दिली होती, 'पण त्याचं पुढे काय ते कळलं नाही'. अगं, पुढे कॅप असते! बीसीए-बीबीए २०२४ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले म्हणून ती सीईटी सुरू झाली. ठाणे, नवी मुंबई, पनवेल भागातल्या संलग्न कॉलेजांत बीसीएच्या जागा त्या प्रक्रियेतून भरतात. तुला बीसीएच हवं असेल तर सीईटी सेलच्या साइटवर आजच लॉगिन करून वेळापत्रक बघ, राउंड शिल्लक असेल तर पर्याय भर. शुल्कमाफीच्या यादीत तुझा कोर्स आणि ते कॉलेज आहे का, तेही महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, बघून घे. तू विचारलंस दोन पर्यायांचं, पण कदाचित हा तिसराच तुझा असेल.

कागदांचं मात्र मनावर घे. माझ्या खिडकीवर एक आई सहा महिने खेटे घालत होती, 'पोर्टलवर पैसे जमा दाखवतायत, खात्यात नाहीत'. पासबुकं मागवली तर घरात मुलीच्या नावाची तीन खाती निघाली. आधार जोडलं होतं चौथ्याच खात्याला, आठवीत असताना शाळेने उघडून दिलेल्या. सगळे पैसे तिथे पडून होते. डीबीटीचे, म्हणजे शासनाकडून थेट बँकेत येणारे, पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. तेव्हा आधी बँकेत जाऊन तुझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघ. दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर नाव सारखं आहे का तेही बघ. एका अक्षराने अर्ज परत येतो.

फोनवर 'सीट जाईल' म्हणणाऱ्यांना शांतपणे सांग की माझे बाबा येऊन भरतील. यूजीसीने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यायची असते, प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर ५,००० कापता येतात. पुढे ते ९०, ८०, ५० टक्के असं उतरत जातं, आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच नाही. मूळ मार्कशीट आणि दाखले ठेवून घ्यायला त्याच अधिसूचनेने मनाई आहे. दाखवायचे, पडताळून घ्यायचे, परत घ्यायचे. स्कॉलरशिपच्या नावाखाली पहिल्या वर्षी सवलत देत असतील तर दुसऱ्या वर्षी ती कशावर टिकते ते लेखी माग. तोंडी सांगितलेलं जुलैत कुणाला आठवत नाही.

प्रवासाचंही बघ. ठाण्याचं कॉलेज तुला एका स्टेशनावर. खाजगीसाठी कळवा ते ठाणे, मग पूल चढून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर नवी मुंबईची ट्रान्सहार्बर लोकल, उतरल्यावर बस किंवा शेअर रिक्षा. जाऊन-येऊन रोजचे तीन तास धर. प्रोग्रॅमिंग हात बसवून शिकायची गोष्ट आहे, ते तीन तास तुला त्यासाठी हवेत.

खाजगी घ्यावं असं मी कुणाला सांगेन? माझ्या भाचीला सांगितलं होतं. तिला प्रॉडक्ट डिझाइन करायचं होतं, तो कोर्स ठाण्यात तिला मिळत नव्हता, कार्यशाळा बघितली तर मुलं सुतारकामाच्या यंत्रांवर खरंच काम करत होती, आणि भावोजींना कर्ज काढावं लागणार नव्हतं. तिचे पैसे कारणी लागले. तुझा विषय तसा नाही. कॉम्प्युटर सायन्सला एक चालणारा लॅपटॉप, शंका विचारता येईल असे दोन शिक्षक आणि नेटाने केलेले प्रोजेक्ट लागतात.

तरी मन तिकडेच ओढत असेल तर ओपन डेला जाऊ नकोस, मधल्या वारी बाबांबरोबर जा. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं गाठ आणि विचार की गेल्या सत्रातले किती शिक्षक या सत्रात आहेत. लॅबमध्ये जाऊन चालू मशीन मोज. प्लेसमेंटच्या माणसाला सर्वांत मोठं पॅकेज विचारू नकोस, ते भिंतीवर लावलेलंच असतं. बीसीएच्या गेल्या तुकडीतल्या किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती मिळाले, ते विचार. मग त्याच आठवड्यात ठाण्याच्या कॉलेजात जाऊन हेच सगळं विचार, तिथल्या विनाअनुदानित तुकडीबद्दल. तिथल्या उत्तरांनी समाधान झालं नाही तर मला परत विचार, मी मत बदलेन.

तोपर्यंत ठाण्याची लिस्टमधली जागा फी भरून पक्की कर, तिची मुदत चुकवू नकोस. आणि उद्या सकाळी बाबांच्या फॉर्म १६ ची प्रत घेऊन उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाक, सेतूत किंवा आपले सरकारवर. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपली असेल तर त्याचाही सोबतच. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात आणि दाखला हातात यायला वेळ जातो.