नगरपंचायत कोणतं काम आधी घ्यायचं हे कशावरून ठरवते?

तुमची नाली तुंबलेली असताना शेजारच्या वॉर्डात पेव्हर ब्लॉक बसतात, कारण पैसा कोणत्या हेडचा (म्हणजे कोणत्या कामासाठी ठरलेल्या खात्याचा) आला ते आधी बघतात, गरज त्यानंतर. वर्धा जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत मी कामांचं एस्टिमेट (खर्चाचा अंदाज) बनवतो, त्यावरून सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच; त्यातून रस्ता करता येत नव्हता. नगरोत्थान या शहरी सोयींसाठीच्या राज्याच्या योजनेचा जिल्हास्तरीय निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो. पुढे नगरसेवकांची यादी, सभेचा ठराव, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, टेंडर. खरी मेख जागेत आहे. मार्चअखेरपर्यंत खर्च दाखवायचा असतो, म्हणून जागेचा वाद नसलेलं, एस्टिमेट तयार असलेलं काम पुढे सरकतं. नालीचं पाणी शेवटी कुणाच्या वावरातून काढावं लागत असेल, तर फाइल तिथंच बसते (आमच्याकडची एक तर दोन पावसाळे बसली). आमदार निधीची कामं मात्र या रांगेत नसतात; ती आमदार सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. तुम्ही डिसेंबरातच, बजेट बसायच्या आधी, वॉर्डातल्या लोकांच्या सह्यांचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि आवक नंबर (अर्ज मिळाल्याचा नोंद क्रमांक) घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.