वाचकांचे प्रश्न : मागच्या एक्सलला हात लावण्यापूर्वी

प्रश्न : आमचा जुना ट्रक कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गूळ आणतो. मागचे डावे चाक तेलाने ओले होते आणि चढावर मागून सतत घोंघाट ऐकू येतो. एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) काढून तेल अडवणारे सील घरीच बदलावे का?
– एक वाचक, कागल

उत्तर : प्रथम आपल्या गाडीचा एक्सल कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहावे. बहुतेक जड ट्रकांत तो ‘फुल फ्लोटिंग’ असतो. म्हणजे गाडीचा भार हाऊसिंगवर, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावर, बसवलेल्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगांवर येतो, शाफ्ट केवळ चाक फिरवतो आणि हबच्या तोंडावरचे नट सोडले की चाक न काढताही तो बाहेर ओढता येतो. अनेक लहान व्हॅनमध्ये मात्र ‘सेमी फ्लोटिंग’ एक्सल असतो. तेथे शाफ्टच भार पेलतो, त्यामुळे गाडी स्टँडवर घेतल्याशिवाय तो काढताच येत नाही.

सर्वांत गंभीर धोका असा की, काही जुन्या ट्रकांत हँडब्रेक चाकांवर नव्हे, तर प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) लागतो. अशा गाडीचा एक शाफ्ट काढला, की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) दुसरे चाक मोकळे फिरते आणि गाडी गिअरमध्ये असली तरी उतारावर घरंगळते. म्हणून गाडी रिकामी करून सपाट, टणक जागी उभी करावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नये, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

तेल हबच्या बाहेरील तोंडावर दिसत असेल, तर शाफ्टचे पॅकिंग बदलणे आपल्याला जमेल. ते ड्रमच्या आत उतरले असेल, तर हब उतरवून आतले सील बदलावे लागते आणि तेल प्यालेले लायनरही (ब्रेकचे घर्षणपट्टेही) टाकून द्यावे लागतात, कारण धुऊन त्यांची पकड परत येत नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधील धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. सील विकत घेण्याआधी हाऊसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) अवश्य साफ करावा; तो चिखलाने बुजला, की तापलेल्या हवेचा दाब नवे सीलही गळते करतो.

अॅक्सिलरेटर सोडताच घोंघाट थांबत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनवर, म्हणजे एक्सल फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीवर, घ्यावा. त्यांच्या दात्यांची जुळणी मापयंत्रांनीच होते. ते काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातील जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.