वाचकांचे प्रश्न : सायक्लोक्रॉस सायकलचे ब्रेक

प्रश्न (लीड्स, इंग्लंड) : ॲल्युमिनियमची जुनी सायक्लोक्रॉस (चिखल-मातीतल्या शर्यतींची) सायकल सेकंडहँड घेतली आहे. ब्रेक कॅन्टिलिव्हर आहेत, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे. पुढचा ब्रेक दाबला की अख्खा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) थरथरतो, आणि उतारावर वेग म्हणावा तसा कमी होत नाही. सप्टेंबरमध्ये यॉर्कशरची थ्री पीक्स शर्यत करायची आहे. ब्रेक बदलू की सायकल?

उत्तर : आधी थरथरीचं बघू, कारण तिथे दोष बहुधा ब्रेकचा नसतो. कॅन्टिलिव्हरमध्ये केबलचं आउटर (बाहेरची नळी) हेडसेटजवळच्या, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो त्या बेअरिंगजवळच्या, हँगरपाशी (तिला अडवणाऱ्या भागापाशी) संपतं आणि पुढे नुसती तार खाली उतरते. ब्रेक लागला की फोर्क मागे वाकतो, हँगर आणि ब्रेक यांतलं अंतर वाढतं, तार आणखी ताणली जाते आणि ब्रेक आणखी जोरात पकडतो. मग पॅड निसटतो, फोर्क पुढे येतो आणि सगळं पुन्हा सुरू. हेच सेकंदात अनेकदा घडतं, तीच ती थरथर. लांब स्टीअररच्या (फ्रेममधून वर जाणाऱ्या नळीच्या) कार्बन फोर्कवर ती जास्त जाणवते.

पहिल्यांदा हेडसेट सैल नाही ना, ते तपासा. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवा. खटखट लागली तर आधी हेडसेट घट्ट करा. त्यानंतर फोर्कच्या क्राउनला (चाकावरच्या जोडाला) भोक असेल तर तिथे बसणारा हँगर घ्या. आउटर थेट क्राउनपर्यंत आलं की उघडी तार अगदी थोडी उरते आणि फोर्कच्या वाकण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. हा छोटा, स्वस्त भाग आहे, आणि थरथरीवर आमचा पहिला सल्ला नेहमी हाच असतो.

आता ताकदीकडे. रिम स्पिरिटने पुसा, पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टोकदार वस्तूने काढा. पॅड कडक, चकचकीत झाले असतील तर बदलाच. कूल-स्टॉप कंपनीचे सामन (गुलाबी-केशरी) रंगाचे पॅड ओल्या ॲल्युमिनियम रिमवर चांगले चालतात. कार्बन रिम असेल तर मात्र कार्बनसाठीचेच पॅड हवेत. पॅड रिमच्या वरच्या कडेच्या साधारण १ मिमी खाली बसवा, टायरला अजिबात लागू देऊ नका. पॅडच्या मागच्या टोकाखाली जाड कार्डाचा तुकडा ठेवून बोल्ट आवळा, म्हणजे पुढचं टोक आधी टेकेल. याने किंचाळणं कमी होतं, थरथरही थोडी उतरते.

खरी गोम योकमध्ये, म्हणजे आडव्या तारेला वर ओढणाऱ्या त्रिकोणी तुकड्यात, आहे. ब्रेकच्या दोन्ही हातांना (दांड्यांना) जोडणारी आडवी तार आणि हा तुकडा जितका खाली, तितका जोर जास्त. पण पॅड तितकेच कमी सरकतात आणि लिव्हर जास्त दाबावी लागते. योक वर नेला की पॅड रिमपासून लांब ठेवता येतात, चिखल निघून जातो, पण पकड मऊ होते. बेल्जियममधल्या चिखलाच्या शर्यतींत योक वर ठेवणं समजण्यासारखं आहे. थ्री पीक्समधल्या इंगलबरो, व्हर्नसाइड आणि पेन-इ-घेंट या डोंगरांच्या उतारांवर मात्र जोर हवा. म्हणून योक टप्प्याटप्प्याने खाली आणा, आणि पूर्ण ताकदीने दाबल्यावर लिव्हर हँडलबारला टेकायला लागण्याच्या अलीकडे थांबा. एक गोष्ट जिवाची आहे : मुख्य केबल तुटली तर ही आडवी तार टायरच्या गुट्ट्यांत अडकून पुढचं चाक जागच्या जागी थांबू शकतं. फोर्कवर रिफ्लेक्टरची पट्टी किंवा मडगार्ड असेल तर ती तार वरच अडते. ती पट्टी काढू नका.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर मिनी-व्ही ब्रेक (आखूड हातांचे व्ही-ब्रेक) घ्या. ते फ्रेम आणि फोर्कवरच्या त्याच पोस्टवर (खुंट्यांवर) बसतात, हँगर लागतच नाही, त्यामुळे थरथरीचं मूळच जातं. पण ब्रेकच्या हाताची लांबी लिव्हरशी जुळली पाहिजे. टीआरपी कंपनीचा ९० मिमीचा सीएक्स९ नव्या शिमानो लिव्हरांसाठी आहे, म्हणजे ज्यांची गिअर केबलही बारच्या टेपखालून जाते अशा. ८४ मिमीचा सीएक्स८.४ स्रॅम आणि कॅम्पाग्नोलोच्या लिव्हरांसाठी. माउंटन बाइकचा पूर्ण लांबीचा व्ही-ब्रेक रोड सायकलच्या लिव्हरवर लावू नका. ती लिव्हर पुरेशी तार ओढत नाही आणि पॅड टेकेपर्यंत बारला भिडते. मिनी-व्हीचा तोटा असा की पॅड रिमपासून जेमतेम १-२ मिमीवर राहतात. चाक सरळ हवं, आणि घट्ट चिखलात ते लवकर घासतं. मागे बसवताना आउटर नूडलपर्यंत (व्ही-ब्रेकच्या वाकड्या नळीपर्यंत) नेता येईल का, हे फ्रेमवर आधी पाहून घ्या.

सायकल बदलण्याची गरज नाही. शर्यतीला निघताना पॅड मात्र नवे असू द्या. वाळूमिश्रित चिखल एका दिवसात ते संपवू शकतो.

प्रश्न (नाशिक) : कॅन्टिलिव्हरच्या फ्रेमवर डिस्क ब्रेक बसवता येतील का?

उत्तर : मागे, नाही. डिस्कचा सगळा जोर डाव्या बाजूच्या एका छोट्या जागेवर येतो. फ्रेम त्यासाठी बनवलेली नसेल तर जोडपट्टी लावून किंवा ॲल्युमिनियमला वेल्डिंग करून ती सुरक्षित होत नाही. शिवाय जुन्या रिम-ब्रेक सायकलींचं मागचं हब (चाकाचा मधला भाग) बहुधा १३० मिमी रुंद, डिस्कचं १३५ किंवा १४२. पुढे डिस्कचा फोर्क, चाक आणि कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) घेऊन काम होतं, पण स्टीअररचा व्यास आणि फोर्कची उंची जुळवावी लागते. हिशेब मांडला की डिस्कची सेकंडहँड सायकल शोधणं शहाणपणाचं ठरतं. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय हिने सायक्लोक्रॉसमध्ये डिस्कना २०१० मध्येच परवानगी दिली, त्यामुळे अशा जुन्या सायकली बाजारात मिळतात.

प्रश्न (पुणे) : माझ्या सायक्लोक्रॉसला केबलचे डिस्क ब्रेक आहेत. पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना लिव्हर हळूहळू बारपर्यंत येते. हायड्रॉलिक घ्यावेत का?

उत्तर : लिव्हर खाली येते कारण पॅड झिजतात. ओल्या मातीत ही झीज एका राइडमध्ये कळण्याइतकी होते. हायड्रॉलिक ब्रेक ती स्वतः भरून काढतो, केबलचा नाही. चूक बहुतेकांची इथे होते : लिव्हरजवळचा किंवा कॅलिपरवरचा बॅरल (तार ताणणारा गोल स्क्रू) फिरवून तार ताणली जाते. त्याने कॅलिपरचा हात आधीच अर्धा फिरलेला राहतो, जोर घटतो आणि पुढे तो हात अडतो. झीज कॅलिपरवरच्या पॅडच्या स्क्रूने किंवा हाताने फिरवायच्या चकतीने भरून काढा. एकच पॅड हलणारा कॅलिपर असेल तर आधी चाकाकडचा स्थिर पॅड रोटरच्या (ब्रेकच्या धातूच्या डिस्कच्या) जवळ आणा, नाहीतर रोटर दरवेळी वाकत राहतो.

खर्च या क्रमाने करा. पहिलं, न दबणारं ब्रेक आउटर. साधं आउटर दबलं की तुमच्या हाताचा जोर त्यातच जिरतो. गिअरचं आउटर मात्र ब्रेकला कधीही लावू नका, जोरात दाबल्यावर ते फाटू शकतं. दुसरं, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड, जे चिखलात रेझिनच्या (राळेच्या) पॅडपेक्षा जास्त टिकतात. रोटरवर फक्त रेझिनसाठी असल्याची खूण असेल तर रोटरही बदलावा लागेल. पुढे १४० मिमीचा रोटर असेल आणि फोर्कला चालत असेल तर १६० करा. मग टीआरपी स्पायरसारखा दोन्ही पॅड हलवणारा कॅलिपर. कुठलाही केबल कॅलिपर घेताना तो रोड लिव्हरसाठीचा आहे ना ते विचारा. एव्हिड बीबी७ रोड आणि माउंटन अशा दोन प्रकारांत येतो, आणि दिसायला दोन्ही जवळपास सारखेच.

जुन्या लिव्हर ठेवून तेलाचा ब्रेक हवा तर टीआरपी हाय-आरडी आहे : केबल कॅलिपरपर्यंत, तेल आत. त्याच्या केबलला ताण देऊ नका. हात पूर्ण मागे आला नाही तर तेलाची वाट उघडत नाही आणि झीज भरून निघत नाही. पूर्ण हायड्रॉलिकला लिव्हरही बदलाव्या लागतात, म्हणून तो खर्च गिअर बदलण्याच्या वेळीच करावा. शिमानोत मिनरल ऑइल, स्रॅमच्या बहुतेक रोड ब्रेकमध्ये डॉट नावाचा ब्रेक द्रव. एकात दुसरं घातलं की सील खराब होतात.

नवे पॅड घातल्यावर थेट घाटात जाऊ नका. सपाट रस्त्यावर २०-२५ किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडवता, सुमारे २० वेळा ब्रेक लावा. पत्र्यावरचा थर १ मिमीपेक्षा कमी उरला की पॅड बदला.

प्रश्न (कोल्हापूर) : डिझेलने चेन धुतल्यापासून मागचा डिस्क किंचाळतो आणि धरतही नाही.

उत्तर : डिझेल उडून रोटरवर गेलं आहे. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ कापड बदलत पुसा. रेझिन पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर घासून किंवा भाजून ते भरवशाचे होत नाहीत, नवे घाला. यापुढे चेन धुताना मागचं चाक काढून ठेवा, हायड्रॉलिक असेल तर पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवा, आणि स्प्रेऐवजी थेंब-थेंब तेल सोडा.